मोतीरामची आगाऊ तारीख

मोताळ्याच्या बाजारात रंगरावाचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर, पत्र्याखाली, मोतीराम बसायचा. समोर लाकडाचा ओंडका, त्यावर चिंध्यांची चुंबळ, चुंबळीवर ज्याचं त्याचं भांडं. उजव्या हातात एवढीशी हातोडी, डाव्या हातात खिळ्याएवढी छिन्नी. भांड्यांवर नावं टाकणं हा त्याचा धंदा. ठिपक्याला ठिपका लावत तो अख्खं लग्न एका तांब्याच्या गळ्याखाली बसवायचा. कोणाचं लग्न, कोणाशी, भेट कोणाकडून, गाव कोणतं, सगळं. मी शेजारच्या शाळेत मास्तर होतो. मधल्या सुट्टीत माझी बैठक त्याच्याच ओट्यावर असायची, त्यामुळे मी सांगतो आहे ते ऐकीव नाही.

माणूस मुलखाचा हट्टी. गिऱ्हाईक घाईत असायचं, गाडीला बैल जुंपलेले असायचे आणि हा मान खाली घालून विचारायचा, "तारीख?"

"राहू दे ना बे तारीख. नाव टाक, झालं."

"तारखेचे पैसे कोन मांगून राह्यलं? तारीख सांग."

तारखेशिवाय भांडं त्याच्या हातून सुटत नसे. अक्षराचे पैसे घेई, आकड्याचे घेत नसे. लोक चिडायचे, मग पत्रिका काढून दाखवायचे, आणि हा पत्रिकेवरची तारीख बघून टाकायचा. आहेराची भांडी लग्नाच्या आधीच घेतात, नावंही आधीच टाकून घेतात, ही आपली जुनी रीत. त्यात काही चुकतं असं कोणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर पोरांच्या पाटीवरच्या तारखा तपासून पगार घेत होतो.

एकदा मी त्याला विचारलं, की बाबा, एवढं तारखेचं काय घेऊन बसतोस?

"गुरुजी, मी कवा जलमलो ते माह्या मायलेबी सांगता येत नोतं. म्हने, टोळ आले त्या साली. टोळ तं लागोपाठ दोन सालं आले. आता मी कोन्त्या सालचा? म्हून म्हनतो, झालेल्या गोष्टीले तारीख पायजे. नाही तं ती झाली का नाही, कोन सांगन?"

मी हसलो. त्या वेळी हसायला काय जात होतं?

आता रुख्मिणीकडे येतो. महादेवराव म्हणजे आमच्या गावातले बऱ्यापैकी शेतीचे गृहस्थ. त्यांचा मुलगा इंद्रभान माझा विद्यार्थी. खामगावला टर्नरचं काम शिकला, पुण्याच्या कारखान्यात लागला. पासष्ट साली त्याचं लग्न जानेफळच्या रुख्मिणीशी ठरलं. पत्रिका छापल्या, तारीख नऊ मे. जानेफळला मांडव उभा राहिला. आणि सात तारखेला महादेवरावांचे चुलतभाऊ नारायणराव वारले. भावकीतलं मयत, दहा दिवसांचं सुतक. लग्न पुढे गेलं ते तेवीस मेला लागलं. पत्रिका पुन्हा कोण छापतो? माणसं पाठवून गावोगाव तोंडी निरोप दिले. मलकापूरचा फोटोवाला नऊ तारखेचा ठरलेला होता. तेवीसला त्याचं दुसरं काम होतं, म्हणून फोटोही राहिले. वरात आली, जेवणं झाली, सगळं यथासांग पार पडलं आणि लोक ती नऊ तारीख विसरून गेले.

दोन वर्षांनी इंद्रभानला विलायतेतल्या मोटारींच्या कारखान्यात कामाचा परवाना मिळाला आणि तो गेला. रुख्मिणी सासरी राहिली. सकाळी गोठा, दुपारी शेत, संध्याकाळी चूल. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि नवऱ्यासोबत जेमतेम दोन गेली होती. गावातल्या जिभांना तर हाड नव्हतंच. त्यानं तिकडे गोरी केली, आता हिला कशाला नेतो, असं तिच्या पाठीमागे बोलत. पुढे पुढे तर तिला ऐकू जाईल असं बोलत.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात इंद्रभानचं जाड पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. बायकोला तिकडे बोलवायचं तर नवऱ्यानं हमी द्यावी लागते, त्या हमीची कागदपत्रं होती. पगाराची चिठ्ठी, घरमालकाचं पत्र, आणि इंद्रभाननं सही केलेला कागद. तो मी महादेवरावांच्या ओसरीवर मराठी करून वाचला: "रुख्मिणी ही माझी बायको आहे. तिच्या राहण्याची, खाण्यापिण्याची, औषधपाण्याची सर्व जबाबदारी माझी आहे. ती माझ्याजवळ राहावी अशी माझी इच्छा आहे."

रुख्मिणी दाराआड उभी होती. तिनं सासूकरवी निरोप दिला, की गुरुजींना म्हणावं शेवटची ओळ पुन्हा वाचा. मी वाचली. आमच्याकडचा नवरा चार माणसांत असं काही बोलेल तर शपथ! त्याला ते सरकारला लिहून द्यावं लागलं, तेव्हा ते तिच्या कानी पडलं.

मग अर्ज झाला, पासपोर्ट झाला. लग्नाचा पुरावा म्हणून मी लग्नपत्रिका पाकिटात घातली. मीच, या हातानं. तारीख न वाचता. इंद्रभाननं अर्जात खरी तारीख लिहिली होती, तेवीस.

दिवाळीच्या आधी मुंबईच्या विलायती कचेरीतून बोलावणं आलं. महादेवराव सुनेला घेऊन निघाले. पत्रिकेवर भागलं नाही तर पक्का पुरावा असावा, म्हणून त्यांनी घरातली सगळ्यांत मोठी पितळी घागर धोतरात बांधून घेतली. इंद्रभानच्या मामांनी, गुलाबरावांनी, दिलेली. छापील कागद कोणीही छापून आणील, पितळेवरचं कोण नाकारील, असा त्यांचा हिशेब. आगगाडीत लोकांनी विचारलं, पाणी भरायला चालले का? त्यांनी ऐकून घेतलं. कचेरीत साहेबाच्या टेबलावर त्यांनी ती घागर ठेवली. दुभाष्यानं वाचून दाखवलं: "चि. इंद्रभान व चि. सौ. कां. रुख्मिणी यांचे लग्नात मामा गुलाबराव यांजकडून सप्रेम भेट. ता. ९-५-६५."

पत्रिका नऊची, घागर नऊची, आणि नवरा-बायको दोघं सांगतात तेवीस. साहेबानं शांतपणे सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, की लग्नाच्या तारखेबद्दल समाधान झालेलं नाही. तीन महिन्यांत पटण्याजोगा पुरावा आणावा, नाहीतर अर्ज निकाली काढू. आणि इंद्रभाननं तर लिहिलं होतं, की इकडे कायदे दरसाल आवळत चालले आहेत, या खेपेला हुकलं तर पुढचं मला सांगता येत नाही.

ते पत्र मी वाचून दाखवलं त्याच दुपारी महादेवराव घागर खांद्यावर घेऊन मोतीरामच्या ओट्यावर आले. मागोमाग रुख्मिणी होती. मी होतोच.

"मोत्या, पाह्य हे! तुह्या तारखेनं माहं घर बुडवलं!"

मोतीरामनं घागर चुंबळीवर घेतली, गळ्यावरून बोट फिरवलं. त्याला सगळं सांगायला मला थोडा वेळ लागला. त्याचा चेहरा उतरला.

"घरातल्या बाकीच्या भांड्याइवर?" त्यानं विचारलं.

"अठरा भांडे हायेत," महादेवराव म्हणाले. "अठराच्या अठरा नऊ तारखेचे. समदे तुह्याच हातचे."

रंगराव गल्ल्यावरून उठून बाहेर आला. दुकानदाराचं डोकं ते. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? नवी घागर घ्या. मोतीराम तेवीस तारीख टाकीन. पंधरा दिवस उकिरड्यात पुरून ठेवा. अशी जुनी होऊन निंघन का बस!"

महादेवरावांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मी मान हलवली, हे लपवून काय उपयोग? सगळ्यांना ठाऊक होतं की लग्न तेवीसलाच लागलं. मग तेवीस लिहिण्यात खोटं ते काय?

मोतीराम म्हणाला, "नाही जमनार."

"काऊन?"

"पयले खोटी टाकली ती मले मालूम नोतं म्हून. आता मालूम असून टाकू?"

"मंग माह्या सुनेनं अठीच म्हातारं व्हावं काय?" महादेवराव ओरडले. बाजारातली माणसं थबकली. "तिचा नवरा तिकडं वाट पाहून राह्यला, आन् तू मले शहाणपन शिकवतं?"

मोतीरामनं हातातली छिन्नी खाली ठेवली. मला त्याचा राग आला. माणसाचा संसार अडलाय आणि हा आपली तारीख कवटाळून बसलाय, असंच मला वाटलं.

तेव्हा रुख्मिणी बोलली. सासऱ्याला उद्देशून, पदर पुढे ओढून, जमिनीकडे बघत, पण स्पष्ट.

"मामाजी, नारायण मामाजी गेले, ते तं सरकारात लिहिलं असन ना?"

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे हल्ली जन्मलेल्याची नोंद होते, मेलेल्याची होते. लग्न तेवढं कोणी लिहून ठेवत नाही. मयताच्या नोंदवहीत नारायणराव सात मेला वारले हे लिहिलेलं असणारच. आणि सात तारखेला भावकीत मयत झालं तर नऊला लग्न लागणं शक्यच नाही. एवढी साधी गोष्ट चार बाप्यांच्या टाळक्यात आली नाही, ती दाराआड उभं राहणाऱ्या पोरीच्या डोक्यात आली.

"आन् मी लिहून देतो," मोतीराम म्हणाला. "तारीख मी आगाऊ टाकली म्हून. जसं म्हनसान तसं लिहून देतो."

ग्रामपंचायतीतून नोंदीचा उतारा मिळाला. तहसील कचेरीत मोतीरामनं प्रतिज्ञापत्र केलं. कारकुनानं वय विचारलं तेव्हा तो घुटमळला आणि शेवटी "अंदाजे पन्नास" असं लिहून घेतलं गेलं. ते "अंदाजे" त्याला फार लागलं. परतताना गाडीत दोनदा म्हणाला, "अंदाजे लिहिलं पाहा गुरुजी त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं ती घागर मागून घेतली. मजकूर मला कागदावर शुद्ध लिहून द्यायला लावला. एरवी अर्ध्या तासाचं काम, त्याला सकाळपासून दुपार झाली. जुन्या ओळीला त्यानं हात लावला नाही. तिच्याखाली नवी ओळ घातली: "सुतकामुळे लग्न ता. २३-५-६५ ला लागले. वरील तारीख मी आगाऊ टाकली. चूक माझी. मोतीराम. ता. १६-११-७०."

हजारो भांड्यांवर त्यानं लोकांची नावं टाकली असतील. स्वतःचं नाव त्यानं टाकलेलं ते मी पहिलंच पाहिलं.

महादेवराव मात्र शेवटची तारीख बघून हबकले. "अरे, आजची काऊन टाकली? साहेब म्हनन, हे तं काल कोरून आनलं!"

"आजच टाकून राह्यलो, तं आजचीच टाकीन ना."

मीही त्याला दोन शब्द सुनावले. त्याचं नेहमीचंच, मान खाली.

या वेळी मुंबईला आम्ही चौघं गेलो. साहेब उंच, पिंगट केसांचा, वागायला सभ्य. दुभाषी मराठी माणूस होता, पण आमची बोली ऐकून त्याच्या मिशीत हसू येत होतं. साहेबानं उतारा पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं, सुतक म्हणजे काय ते दुभाष्याकडून समजून घेतलं. मग घागर फिरवून पाहिली आणि नेमकं शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं.

"हे तर मागच्या आठवड्यात कोरलंय."

"हाव साहेब," मोतीराम म्हणाला. "तारीख टाकली ना त्याच्यावर."

"ती टाकली नसतीस तर ही ओळ जुनी आहे असं मला वाटलं असतं."

"तारखेबिगर भांडं देत नाही मी."

दुभाष्यानं हे इंग्रजीत सांगितलं. साहेबानं विचारलं, लग्न व्हायच्या आधीच अशी तारीख तू किती वर्षांपासून टाकतोस? मोतीराम म्हणाला, पंचवीस वर्षं. साहेब पहिल्यांदाच हसला. मोतीराम हसला नाही. त्याला ते पंचवीस वर्षांचं ओझं वाटत होतं, हे मला तिथं कचेरीत बसल्यावर कळलं आणि माझीच मला लाज वाटली.

मग साहेब रुख्मिणीकडे वळला. लग्न नऊला ठरलं होतं तर तेवीसला कसं झालं, तुझ्या तोंडानं सांग. ती म्हणाली, "मांडव टाकला होता. आंब्याचे डहाळे लावले होते. सुतक आलं तसे ते डहाळे जागच्या जागी वाळले. चवदा दिवस मी ते पाहत होते. माय म्हने, काढू नको, अपशकुन होते. मंग बाविसले बाबानं नवे डहाळे आनले आन् मायनं जुन्याइवर भाकरी भाजल्या. माह्या लग्नातल्या भाकरी त्याच डहाळ्याइवरच्या होत्या."

दुभाष्यानं या वेळी हसू आणलं नाही. सावकाश, एकेक वाक्य सांगितलं. साहेबानं तेही लिहून घेतलं, घागर परत केली आणि कळवतो म्हणाला.

जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं. महादेवराव पेढे घेऊन आधी मोतीरामच्या ओट्यावर गेले. पेढा त्याच्या हातावर ठेवला. मोतीरामनं विचारलं, "पत्रावर तारीख काय हाये?"

रुख्मिणी निघाली त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर निम्मं गाव होतं. जिभांना हाड नसलेली मंडळी सगळ्यांत पुढे. सामानात ती घागर होतीच. सासू म्हणत होती, "तिकडं घरात नळ असते म्हने, घागर कायले नेतं?" रुख्मिणी नुसती हसली. मग तिनं पिशवीतून एक लहानसा तांब्या काढला आणि मोतीरामच्या हातात दिला.

"काका, हा माह्या मायसाठी हाये. मी तिकडं गेल्याचं याच्यावर टाकून द्या."

मोतीरामनं तांब्या उलटसुलट पाहिला. "आज नाही टाकत बाई. तू पोच. पत्र पाठव. मंग टाकतो."

कारण तोवर त्यानं नवा नेमच करून टाकला होता. लग्न लागेपर्यंत तारीख टाकायची नाही. नावं टाकायची, पुढे नुसतं "ता." आणि त्यापुढे कोरी जागा. लग्न झालं की भांडं घेऊन या, तारीख फुकट टाकून देतो, असं प्रत्येकाला सांगायचा. निम्मे लोक परत येतच नसत. आमच्या भागातल्या घरांत त्या काळची भांडी अजून सापडतात, "ता." आणि पुढे चकचकीत पितळ. रंगराव डोकं धरून बसायचा, की गिऱ्हाईक नांदुऱ्याला जाऊन राह्यलं. मोतीरामवर काडीचा परिणाम नाही.

मार्चमध्ये रुख्मिणीचं पत्र आलं. बाजाराच्या दिवशी तिची आई सोजराबाई जानेफळहून दोन गाड्या बदलून आली होती. तिला वाचता येत नव्हतं. मी ओट्यावरच पत्र वाचलं. विमानात कान दुखले, हे घ्यायला आले होते, मला पाहून यांना बोलता येईना, बाहेर सगळीकडे बर्फ होतं, वीस फेब्रुवारीला संध्याकाळी आम्ही घरी पोचलो, खोली लहान आहे, घागर खिडकीत ठेवली आहे.

मोतीरामनं तांब्या चुंबळीवर घेतला. मी मजकूर सुचवला: "रुख्मिणी विलायतेस पोचली."

"तसं कोठं लिहिलं तिनं? ते पुन्हा वाचा गुरुजी."

मी पुन्हा वाचलं. वीस फेब्रुवारीला संध्याकाळी आम्ही घरी पोचलो.

"मंग तसंच टाकतो. रुख्मिणी घरी पोचली."

सोजराबाईनं झटकन मान वर केली. "घरी? घर तं तिचं इकडं हाये. तिकडं दोन दिस झाले न झाले, आन् घर?"

मोतीरामची हातोडी वरच्या वर थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघणारा माणूस नव्हे तो, पण त्या दिवशी पाहिलं. सोजराबाईचे डोळे भरून आले होते. तिनं पदराला नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, तिले पाहून जवायले बोलता नाही आलं, असं लिहिलं ना तिनं?"

"हो, सोजराबाई. लिहिलंय."

तिनं चुंबळीवरच्या तांब्याला हात लावला.

"मंग टाक बाप्पा," ती म्हणाली. "घरीच टाक."

मोतीरामनं तसंच टाकलं. खाली तारीख घातली, ता. २०-२-७१. सोजराबाईनं त्या ठिपक्यांवरून दोनदा बोट फिरवलं, तांब्या पदरात गुंडाळला आणि मेहकरच्या गाडीला उशीर होतो म्हणून निघाली.